हरणाच्या शिकारीसाठी रायफल घेताना: आधी काडतुसाचा डबा बघा, मग कॅलिबर ठरवा

कलमांखालचं रान बेणायचं काम चालू होतं आणि पुतण्याचा मेलबर्नहून फोन आला. "काका, लायसन गावला. आता खंयची रायफल घेव?" गेल्या दोन वर्षांत हाच प्रश्न मला देवगड-मालवण पट्ट्यातल्या आणखी चार मुलांनी विचारला आहे. सगळी ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये नोकरीला गेलेली, तिथल्या सहकाऱ्यांबरोबर डोंगरात जाऊ लागलेली. मी स्वतः १९ वर्षं ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात काढली, त्यातली १४ वर्षं सांबरांच्या मागे फिरलो. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

एक गोष्ट पहिल्यांदा. हे सगळं तिथलं आहे, इथलं नाही. आपल्याकडे सांबर, चितळ, भेकर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि घरात शेती संरक्षणाचा परवाना असला म्हणून तो गुन्हा कमी होत नाही. आंबोलीच्या घाटात रात्री गाडीच्या उजेडात डोळे चमकवून रस्ता ओलांडतं ते सांबर बघायचं आणि वाट द्यायची. व्हिक्टोरियात मात्र हेच जनावर १८६० च्या दशकात बाहेरून नेऊन सोडलं गेलं आणि तिथल्या डोंगरांत बेसुमार वाढलं. म्हणून तिथे परवाना काढून त्याची शिकार करता येते. जनावर एकच, पण दोन मुलखांतला न्याय वेगळा. तिथली रायफलही तिथेच ठेवायची, गावाला येताना सोबत आणायचा विचारसुद्धा करायचा नाही.

कॅलिबरकडे, म्हणजे गोळीच्या व्यासावरून ओळखल्या जाणाऱ्या काडतुसाच्या मापाकडे, वळण्याआधी आमच्या पडवीतली ठासणीची बंदूक आठवते, कारण मुद्दा तिथूनच समजतो. आजोबा भाताच्या राखणीला जाताना ती भरायचे. शिंगातली दारू बांबूच्या पेराच्या मापाने नळीत ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचं. गज आत टेकला की ठण् असा आवाज यायचा. मग आजोबा गज नळीच्या तोंडाबाहेर किती राहिला ते बोटं लावून मोजायचे. नेहमीपेक्षा एखादं बोट जास्त बाहेर दिसलं की म्हणायचे, "जास्त झाली, काढ." शेवटी नळीच्या बुडाशी असलेल्या निपलवर ठिणगी पाडणारी केप. डुकरं पळवायला नुसता आवाजाचा बार असला तरी माप चुकवायचे नाहीत. बार त्यांच्या हातचा होता, त्यामुळे त्याची जबाबदारीही त्यांचीच होती.

कंपनीचं तयार काडतूस वापरताना हे माप तुमच्या हातात नसतं. दारू किती, गोळी कुठली, ती किती खोल बसवली, हे सगळं कुणीतरी कारखान्यात ठरवलेलं असतं. घरी काडतुसं भरणारा माणूस आपल्या रायफलला रुचेल तसा बार जुळवून घेतो. तयार काडतुसं घेणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे डबा निवडणं. म्हणून कॅलिबरची निवड ही खरं तर डब्याची निवड आहे. हे ज्याच्या ध्यानात आलं त्याचे निम्मे पैसे आणि पुष्कळ मनस्ताप वाचतो.

जनावर कुठलं आणि कायदा काय म्हणतो

सुरुवात इथून करा, कारण इथे मतांना जागा नाही. व्हिक्टोरियात सांबर, लाल हरीण आणि रुसा यांच्यासाठी कमीत कमी .२७० कॅलिबर आणि कमीत कमी १३० ग्रेनची गोळी लागते (हे आकडे कसे वाचायचे ते खाली सांगतो). चितळ, फॅलो आणि हॉग डिअर यांना .२४३ आणि ८० ग्रेन चालतं. सांबराची शिकार पायी माग काढून वर्षभर करता येते, पण हॉग डिअरचा हंगाम फक्त एप्रिल महिना. दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात असाल तर हे आकडे वेगळे असू शकतात. तिथल्या शिकार परवाना देणाऱ्या खात्याचं चालू वर्षाचं पत्रक वाचा, मित्राच्या शब्दावर जाऊ नका.

आकडा वाचायचा कसा, तेही सांगतो. .३०८ म्हणजे गोळीचा व्यास ०.३०८ इंच, साधारण ७.८ मिलिमीटर. पण नावं नेहमी सरळ नसतात. .२७० ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचाची असते, आणि .३०-०६ मधला ०६ हा १९०६ या सालाचा आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे किती हे आपल्या माणसाला पटकन समजेल असं सांगायचं तर जुना ब्रिटिश काळातला एक तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी म्हणजे नळीतून एक तोळा धातू सुटतो.

दुकानाचं कपाट

दुसरी पायरी रायफलच्या दुकानात नाही, काडतुसांच्या कपाटासमोर उभं राहून करायची. जिथे राहता तिथलं एक दुकान आणि जिथे शिकारीला जाणार त्या वाटेवरच्या छोट्या गावातलं एक दुकान, दोन्हीकडे जा. कुठल्या कॅलिबरचे हरणासाठीचे डबे किमान चार-पाच प्रकारचे दिसतात ते वहीत लिहा. महिन्याभराने पुन्हा जा. दोन्ही वेळा, दोन्ही दुकानांत जे दिसलं, तेवढ्यातूनच निवडा.

हे मी चूक करून शिकलो. माझी पहिली रायफल सेकंडहँड .२८० रेमिंग्टन होती. १९५७ पासूनचं काडतूस, कामाला उत्तम, रायफलही स्वस्तात मिळाली. स्वस्त का मिळाली, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. एका शुक्रवारी व्हिक्टोरियाच्या पूर्वेकडच्या गिप्सलँडकडे निघालो आणि वाटेत लक्षात आलं की काडतुसांची पिशवी घरीच राहिली. वाटेवरच्या दुकानात .२४३ होती, .३०८ होती, .२७० होती, .३०-०६ होती. .२८० चा एकही डबा नव्हता. तो शनिवार-रविवार मी सोबत्यांची जेवणं रांधली. नंतर २०२०-२१ मध्ये जगभर काडतुसांची टंचाई आली तेव्हा तर त्या कॅलिबरचा डबा महिनोन्महिने दिसला नाही. ज्यांच्याकडे .३०८ होती, त्यांना आवडीचा नाही तरी कुठला तरी चालेलसा डबा मिळत होता.

खांदा

माणसं इथे सगळ्यात जास्त चुकतात. मोठं जनावर म्हणून मोठं काडतूस घ्यायचं, हा विचार वरवर बरोबर वाटतो. पण धक्का सोसत नसेल तर बार सुटायच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा आक्रसतो आणि नळी खाली झुकते. सात-साडेसात पाउंडांच्या रायफलमध्ये .२४३ चा धक्का अंदाजे ९-१० फूट-पाउंड (धक्क्याच्या जोराचं माप) असतो, .३०८ चा १६-१७, .३०-०६ चा २० च्या आसपास, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या जास्त दारूच्या काडतुसाचा २५ च्या वर. कागदावर हे आकडे जवळजवळ वाटतात, खांद्यावर तसे वाटत नाहीत. मॅग्नमचे दहा बार बाकावर बसून मारले की दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना जाणवतं.

विकत घेण्यापूर्वी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, कुणाची तरी रायफल मागून घ्या आणि एक परीक्षा करा. सोबत्याला काडतुसं भरायला सांगा. त्याने खरी काडतुसं आणि सरावाची निर्जीव काडतुसं मिसळून भरायची, तुम्हाला न सांगता. तुम्ही नेम धरून चाप ओढा. निर्जीव काडतुसावर नुसता खट् आवाज येईल, आणि त्या क्षणी नळीचं टोक हललं का ते स्पष्ट दिसेल. हललं तर ते कॅलिबर तुमच्यासाठी आज तरी मोठं आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सांबराच्या फुफ्फुसात नीट बसलेली .२७० ची गोळी ही पोटात गेलेल्या .३०० मॅग्नमपेक्षा कितीतरी दयाळू असते.

मग उरतात ती कॅलिबरं

.२४३ विंचेस्टर, १९५५ चं. हलकं, धक्का कमी, चितळ आणि फॅलोसाठी १०० ग्रेनची गोळी चांगली. मात्र ज्याला पुढे-मागे सांबराला जायचंच आहे त्याने व्हिक्टोरियात हे घेऊच नये, कायदाच आडवा येतो. आणि या कॅलिबरमध्ये ५५ ते ७५ ग्रेनचे डबे कपाटात शेजारीच असतात. ते ससे-कोल्ह्यांसाठीचे असतात, हरणासाठी नव्हेत.

.२७० विंचेस्टर, १९२५ चं. १३० ग्रेनची गोळी साधारण ३०६० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटते, मार्ग सपाट, धक्का बेताचा. दरीच्या पलीकडच्या उतारावर नेम धरायचा असेल तर मला आजही हे आवडतं. सांबरासाठी मी यात १३० ऐवजी १५० ग्रेनची गोळी घेतो.

.३०८ विंचेस्टर, १९५२ चं. १५० ग्रेन, साधारण २८२० फूट प्रतिसेकंद. एवढ्या प्रकारचे डबे दुसऱ्या क्वचितच कुठल्या कॅलिबरमध्ये मिळतात. काडतूस आखूड, त्यामुळे रायफलही आटोपशीर. दाट झाडीत फिरताना याची किंमत समजते. ज्याला एकच रायफल घ्यायची आहे आणि तयार काडतुसांवरच भागवायचं आहे, त्याला मी हेच सांगतो.

.३०-०६ हे त्याचं मोठं भावंड. १८० ग्रेन साधारण २७०० फूट प्रतिसेकंद. ताकद थोडी जास्त, धक्काही जास्त. निव्वळ मोठ्या सांबरनरांच्याच मागे जाणार असाल आणि खांदा साथ देत असेल तर खुशाल घ्या.

७ मिमी-०८ आणि ६.५ क्रीडमोर ही दोन्ही कमी धक्क्याची, चांगली काडतुसं. पण सांबरासाठीचा आकडा .२७० आहे आणि ६.५ ची गोळी .२६४ इंचाची, म्हणजे व्हिक्टोरियातल्या सांबरासाठी ६.५ बाद. दुकानदार हे दर वेळी आपण होऊन सांगेलच असं नाही. ७ मिमी-०८ नियमात बसतं, तुमच्या गावातल्या कपाटात त्याचे डबे दिसत असतील तर घ्यायला हरकत नाही.

डब्यावरचा वेग कारखान्यातल्या चाचणीच्या नळीचा असतो, बहुधा २४ इंचांच्या. तुमची नळी २० इंचांची असेल तर .३०८ मध्ये दर इंचामागे २० ते २५ फूट प्रतिसेकंद वजा धरा. झाडीतल्या अंतरांना याने काही बिघडत नाही, पण डब्यावरचे आकडे पाहून तीनशे मीटरचे बेत रचू नका.

गोळी, म्हणजे खरा निर्णय

कॅलिबर ठरवायला लोक सहा महिने घेतात आणि गोळी काउंटरवर दोन मिनिटांत उचलतात. माझ्या मते हे अगदी उलट व्हायला हवं. एकाच .३०८ च्या कपाटात चार वेगळ्या स्वभावांच्या गोळ्या असतात.

पूर्ण तांब्याच्या पत्र्याने मढवलेली, टोक बंद असलेली गोळी लागल्यावर उलगडत नाही, म्हणजे पसरत नाही, बारीक भोक पाडून पलीकडे जाते. ती सरावाची. हरणावर वापरू नका, जनावर जखमी होऊन मरेपर्यंत तडफडतं. दुसरी साधी मऊ टोकाची, टोकाला शिसं उघडं. ही स्वस्त, सगळीकडे मिळणारी. मध्यम हरणांना आणि झाडीतल्या अंतरांना पुरेशी. तिसरी, आतलं शिसं बाहेरच्या कवचाला घट्ट सांधलेली. ती उलगडते पण फुटून विखुरत नाही, जाड हाडातूनही आत जाते. सांबराचा नर दोनशे किलोंच्या वर जातो, खांदा रुंद, कातडं जाड. त्याच्यासाठी मी दुसऱ्या कशाचा विचारच करत नाही. चौथी, सगळी तांब्याची. तीही खोल जाते, आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत. मात्र नीट उलगडायला तिला वेग लागतो, म्हणून तांब्याची घेताना वजन थोडं हलकं घेतात. शिशाची गोळी वापरलीत तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, घरात लहान मुलं खाणार असतील तर जास्तच.

तीन डबे, एक कागद

आता रायफल घरात आली आहे. एकाच वजनाचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन डबे आणा. प्रत्येकी २० काडतुसं. एकाच कंपनीच्या दोन जुळ्या रायफलींना वेगवेगळी काडतुसं रुचतात, हे मी कित्येकदा पाहिलं आहे. म्हणून दुसऱ्याला विचारून भागत नाही, तुमच्या नळीलाच विचारावं लागतं.

रेंजवर १०० मीटरवर कागद लावा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, पुढची दस्त्याच्या पुढच्या भागाखाली, नळीखाली कधीच नाही. नळी स्वच्छ पुसून आणली असेल तर पहिले दोन बार असेच कुठेतरी कडेला मारा. मग पहिल्या डब्यातले तीन बार एकाच खुणेवर. गोळ्या मधे न लागता कडेला लागल्या तरी रायफलवरच्या दुर्बिणीला हात लावू नका, आत्ता आपण गोळ्या कुठे लागतात ते नाही, एकमेकींच्या किती जवळ लागतात ते बघतो आहोत. नळी गार होऊ द्या. हाताने सहज धरवेल इतकी गार. मग दुसरा डबा, नवी खूण. मग तिसरा. मग सगळं पुन्हा एकदा, क्रम उलटा करून.

कागदावर प्रत्येक खुणेशेजारी डब्याचं नाव, गोळीचं वजन आणि लॉट नंबर (कारखान्यातल्या एका खेपेचा डब्यावर छापलेला क्रमांक) पेन्सिलीने लिहा. तीन भोकं चार-पाच सेंटिमीटरांत बसली की झालं. हरणाच्या छातीतली मर्माची जागा जेवणाच्या छोट्या ताटलीएवढी असते, त्यापेक्षा बारीक झुबका काढायच्या नादात काडतुसं संपवू नका.

जो डबा जिंकला, त्याच्याच काडतुसांनी आता दुर्बीण जुळवा, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी करा. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २०० मीटरला जुळवली तर ३०० मीटरवर ती वीतभराहून थोडी जास्तच खाली पडते. तुमची झाडी दाट असेल तर एवढं लांब जाऊच नका, १०० मीटरवर चार-पाच सेंटिमीटर वर जुळवा आणि विसरा. उरलेली काडतुसं बाकावर संपवू नका. मांडी ठोकून, झाडाला टेकून, एक गुडघा टेकून मारा. दर वेळी रेंजवर गेलात की गार नळीचा पहिला बार कुठे लागतो तो वेगळा लिहून ठेवा, कारण शिकारीत तोच एक बार मिळतो.

डबा बदलला की सगळं पहिल्यापासून

सहाव्या वर्षी माझा नेहमीचा डबा संपला होता. दुकानात दुसऱ्या कंपनीचा होता, गोळी तेवढ्याच वजनाची, त्याच प्रकारची. घाई होती, रेंजवर न जाता सरळ डोंगरात गेलो. संध्याकाळी ओढ्याच्या काठावर सांबराची मादी, साधारण १२० मीटर, आडवी उभी. बार नीट सुटला, पण ती पाठ वाकवून खाली झाडीत उतरली. पोटाकडे लागली हे मला तिथेच कळलं. अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरलो, मग उजेड संपला. ती रात्र मी गाडीत बसून काढली, झोप आली नाही. सकाळी ओढ्याच्या खालच्या अंगाला ती सापडली. नंतर रेंजवर बघितलं, तर नवी काडतुसं जुन्यांपेक्षा १०० मीटरवर अकरा सेंटिमीटर उजवीकडे आणि खाली लागत होती. अकरा सेंटिमीटर. कागदावर दोन बार मारले असते तर दिसलं असतं.

म्हणून जो डबा जुळला त्याच लॉटचे आणखी चार-पाच डबे त्याच आठवड्यात घ्या. कायद्याने आणि तुमच्या कपाटाने परवानगी दिली तेवढे. एका डब्यावर तारीख टाकून तो शेवटचा म्हणून बाजूला ठेवा. तो उघडायची वेळ आली की नव्या डब्याची शोधाशोध आणि रेंज दोन्ही सुरू करायची.

आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, काडतुसाच्या बुडावर कोरलेलं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव एकमेकांशी ताडून बघा. .२४३, ७ मिमी-०८ आणि .३०८ ही एकाच घराण्यातली, बुडाकडून सारखीच दिसतात. दोन रायफली घेऊन दोघं एका गाडीतून जाणार असाल तर काडतुसं वेगवेगळ्या रंगाच्या पिशव्यांत ठेवा आणि कुणाच्या खिशातली उरलेली काडतुसं दुसऱ्याच्या पिशवीत जाऊ देऊ नका. चुकीचं काडतूस नळीत गेलं तर रायफल फुटू शकते आणि फुटते ती तुमच्या चेहऱ्याजवळ.

पुतण्याने .३०८ घेतली. परवा त्याने कागदाचा फोटो पाठवला. तीन डबे, सहा खुणा, शेजारी पेन्सिलीने लॉट नंबर. सगळ्यात महागडा डबा सगळ्यात विस्कटलेला, मधल्या किमतीचा सव्वातीन सेंटिमीटरांत. मी त्याला लगेच फोन केला आणि त्याच लॉटचे पाच डबे त्याच दिवशी आणायला लावले.